खिळ्यावरची किल्ली

मागच्या जूनमध्ये शाळा उघडून चार-पाच दिवस झाले होते. संध्याकाळी आम्ही ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो. वरच्या खोल्यांत राहणाऱ्या ताई जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, "सर, दाराचं कुलूप बदलून घेतलं तर चालेल का? खर्च माझा मी करते."

प्रश्न साधा होता. उत्तरही साधेच हवे होते. पण आमच्या तोंडून निघाले, "बघू."

हे 'बघू' आम्ही अकरा दिवस लांबवले. वर्गात मुलाने एखादा सरळ प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक असूनही शिक्षकाने "उद्या सांगतो" म्हटले, तर समजावे की मुलाने नको तिथे बोट ठेवले आहे. आमचे तसेच झाले होते.

आधी गावाविषयी थोडे सांगायला हवे. आमचे देवळाली म्हणजे नाशिकजवळचे लष्करी छावणीचे देवळाली नव्हे, जरी बाहेरगावचे पाहुणे हमखास तिकडचीच चौकशी करतात. आमचे देवळाली प्रवरा राहुरी तालुक्यातले. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, २०२४ पासूनचा अहिल्यानगर. प्रवरेच्या कालव्याचे पाणी, उसाची शिवारे, शेजारी राहुरी फॅक्टरीची वसाहत आणि थोड्या अंतरावर १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ. यामुळे नोकरीपायी, शिक्षणापायी बाहेरची माणसे इथे येत राहतात आणि गावकरी निवृत्तीच्या पैशांतून दोन खोल्या चढवून त्या भाड्याने देतात. इथला घरमालक बंगलेवाला शेठ नसतो. तो खाली राहतो, भाडेकरू वर, आणि दोघांचे नळाचे पाणी एकाच टाकीतून येते. आमच्या अब्बांनीही तशाच दोन खोल्या बांधल्या. बाहेरून लोखंडी जिना, दाराला आतच बसवलेले लॅच, आणि त्या लॅचची एक किल्ली आमच्या बैठकीत कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावर. ती किल्ली तिथे का आहे, असे घरात कोणी कोणाला कधी विचारले नव्हते. खिळा होता, म्हणून किल्ली होती.

ताई एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहेत. बरोबर दहावीतली मुलगी. आठवड्यातून दोन-तीन रात्रपाळ्या असतात. मुलगी तेव्हा एकटी वर झोपते. ताईंनी कुलूप बदलण्याचे कारणही सांगितले होते, आणि ते अगदी रास्त होते. त्यांच्या आधी त्या खोल्यांत विद्यापीठाचे दोन विद्यार्थी राहिले, त्याआधी खतांच्या कंपनीचा एक विक्रेता, त्याआधी एक नवविवाहित जोडपे. प्रत्येकाने चावीवाल्याकडे जाऊन किती किल्ल्या घासून घेतल्या, किती हरवल्या, किती मित्रांकडे राहिल्या, याचा हिशेब कोणापाशीच नाही. खोली सोडताना मालकाच्या हातात दोन किल्ल्या ठेवल्या की व्यवहार पुरा, असा आपला रिवाज. दोन किल्ल्या परत आल्या म्हणजे सगळ्या आल्या, हे आम्ही कशावरून धरून चाललो होतो? वयात आलेल्या मुलीच्या आईला हा प्रश्न पडला. आम्हाला चार भाडेकरू बदलले तरी पडला नाही.

पण ताई हे सगळे सांगत असताना आमच्या कानांनी ते ऐकलेच नाही. आम्ही एवढेच ऐकले की यांना आमच्या खिळ्यावरची किल्ली निकामी करायची आहे.

असे का ऐकू आले, त्याचे कारण मे महिन्यात घडून गेले होते. सुटीचे दिवस. दुपारी वळवाचा पाऊस आला, आमच्याकडे येतो तसा, आधी धूळ, मग वारा, मग गारा. वरची खिडकी उघडी होती आणि पाण्याचा मारा थेट आत चालला होता. ताई कामावर, मुलगी मामाच्या गावी. आम्ही किल्ली काढली, वर गेलो, दार उघडले, खिडकी लावली. गादी भिजत होती, ती उचलून भिंतीशी उभी केली. खोलीत दोरीवर कपडे वाळत होते. ते ओले होऊ नयेत म्हणून गोळा करून खुर्चीवर ठेवले. पाच मिनिटांचे काम. संध्याकाळी ताईंना मोठ्या तोऱ्यात सांगितले, "बरं झालं आम्ही घरी होतो." त्या "थँक्यू सर" म्हणाल्या. पण म्हणण्याआधी त्यांची नजर एकदा खिळ्याकडे गेली आणि चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेले. दोरीवर कोणते कपडे होते, हे आमच्या लक्षात आले तेव्हा रात्र झाली होती.

आम्ही काही वाईट केले होते का? गादी वाचवली. नियत साफ होती. अब्बांचे म्हणणे तर सरळ होते, "अपना घर है, चोरी करने गए थे क्या?" अम्मी मात्र गप्प बसल्या. अम्मींचे गप्प बसणे आमच्या घरात मत धरले जाते.

दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा घरात अकरा माणसे होती आणि त्यांच्या नावाची अशी एकच जागा होती, माहेरहून आलेली पत्र्याची पेटी. तिची किल्ली त्या कमरेला लावत. सासूबाई, म्हणजे आमच्या दादी, प्रेमळ होत्या, पण त्यांना त्या किल्लीचा राग होता. 'असं काय आहे त्या पेटीत?' असे त्या चारचौघांत विचारत. आम्ही अम्मींना विचारले, "काय होतं?" त्या म्हणाल्या, "कुछ नहीं. दोन साड्या, तुझ्या मामूची पत्रं, शाळेतलं एक प्रमाणपत्र." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेटीत काही नव्हतं म्हणूनच किल्ली लागायची. सोनं असतं तर सगळ्यांना ठाऊकच असतं."

हे वाक्य आम्ही बरेच दिवस घोळवत राहिलो. कुलूप चोरासाठी असते असे आपण मानतो. चोराला अडवणारी कुलपे निराळी असतात आणि ती अलीगढला असोत की मुंबईला, कारखान्यात बनतात. पण माणूस आपल्या जवळच्या, भल्या, हितचिंतक माणसांसाठीही कुलूप लावतो. त्यांच्यापासून त्याला काही लपवायचे नसते. त्याला एवढेच हवे असते की आत यायचे तर त्यांनी विचारावे.

आणि खरे सांगायचे तर हे आम्हाला अम्मींनी शिकवायला नको होते. आम्ही स्वतः भाडेकरू राहिलो आहोत. बी.एड. झाल्यावर पहिली नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावी मिळाली. शिक्षणसेवकाचे तुटपुंजे मानधन. खोली शोधायला निघालो. पहिल्या घरी नाव विचारले आणि खोली 'कालच गेली' होती. दुसऱ्या घरी 'आमच्यात मांसाहार चालत नाही' असे सांगितले, आम्ही करणार नाही म्हटले तरी चालेना. आणखी चार घरे अशीच फिरलो. सातव्या घरी खोली मिळाली. मालक बोलायला गोड होते. फक्त एवढेच की दुसरी किल्ली त्यांच्यापाशी असे आणि आम्ही शाळेत असताना ते खोलीत जाऊन येत. कशाचीही चोरी झाली नाही. कधी माठाचे झाकण वेगळ्या बाजूला असे, कधी पुस्तकांची चळत हललेली. एकदा ते सहज म्हणाले, "मास्तर, डाळीला तेल फार वापरता." आम्ही हसलो. दुसरे काय करणार? सहा दारांवरून परत आलेला माणूस सातव्या दाराचे कुलूप बदलायची गोष्ट काढत नाही. खोली मिळाली हाच उपकार असतो, आणि उपकाराला आतून कडी लावता येत नाही.

त्या खोलीत दोन वर्षे आम्ही घरातल्यासारखे कधी वागलो नाही. नमाज पढतानाही कान जिन्याकडे असायचे. मग त्याच आम्ही आज मालक झाल्यावर किल्ली खिळ्याला टांगली आणि तिचा विसर पडला, याला काय म्हणावे? बहुधा मालकीचा गुणच असा असावा की ती माणसाची आठवण आधी खाते.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. भाषेचा थोडा नाद आहे. या निमित्ताने काही शब्द पुन्हा पाहिले. 'कुलूप' हा अरबी 'कुफ्ल'चा मराठीतला अवतार. 'चावी' पोर्तुगीजांबरोबर आली. 'मालक' अरबी, 'कब्जा' अरबी. आणि भाडेकरू मालकाकडे जी ठेव ठेवतो, तिला मराठीत 'अनामत' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली 'अमानत'च, फक्त अक्षरे इकडची तिकडे झाली. रोज कराराच्या कागदावर आपण हा शब्द लिहितो आणि त्याचा अर्थ पैशापुरता ठेवतो. वास्तविक भाड्याच्या घरात दोन अमानती असतात. भाडेकरूचे पैसे मालकाकडे, मालकाचे घर भाडेकरूकडे. दोघेही एकमेकांच्या वस्तूचे राखणदार. फिक्हच्या ग्रंथांत भाड्याच्या व्यवहाराला 'इजारा' म्हणतात आणि तो 'मनफअत'ची, म्हणजे वस्तूच्या उपयोगाची विक्री मानला जातो. विटा, माती, छप्पर मालकाचे राहते. पण ठरलेल्या मुदतीपुरता तिथे राहण्याचा उपयोग विकलेला असतो. विकलेली वस्तू अधूनमधून थोडी वापरून पाहिली, असे दुकानदार म्हणू शकत नाही.

कुराणात सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यावी, घरच्यांना सलाम करावा आणि परत जा म्हटले तर परत जावे, असा आदेश आहे. हे आम्ही लहानपणापासून मुलांना शिकवतो. वर्गातल्या मुलांकडून दारावर टकटक करण्याचे नाट्यही करून घेतो. पण 'दुसऱ्याचे घर' म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे शेजाऱ्याचे घर असे. आपणच बांधलेले, आपल्याच नावावर असलेले घरही दुसऱ्याचे असू शकते, हे आमच्या धड्यात नव्हते.

अब्बांना हा युक्तिवाद पटला नाही. ते म्हणाले, "शिंगणापुरात दारंच नाहीत. तिथं कोणाचं काय अडलं?" शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. तिथल्या घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा जगभर माहीत आहे. २०११ साली यूको बँकेने तिथे शाखा काढली तेव्हा तिला नेहमीचे कुलूप नाही म्हणून बातम्या देशभर छापून आल्या. अब्बांचा दाखला बिनतोड वाटला. पण मग आठवले की तिथेही शेजारी बाहेरून आवाज देतो आणि मगच आत जातो. कुत्रे शिरू नये म्हणून फळी आडवी लावतात आणि आडोशाला पडदा असतो. कुलूप नाही, पण उंबरा आहे. कुलूप नसलेल्या गावात उंबरा पाळणारी माणसे असतील तर तिथे खरोखरच काही अडत नाही. आमच्याकडे कुलूप होते. उंबरा मात्र आम्ही किल्लीच्या जोरावर ओलांडला होता.

आणखी एक गंमत ध्यानात आली. आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्न निघालाच नसता. तेव्हा दाराला कडी-कोयंडा असे. मालक खोली द्यायचा, कुलूप भाडेकरू आपले आणायचा. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली, त्यामुळे ज्याची ऐपत तो गोदरेजचे आणी, बाकीचे बाजारातले साधे. खोली सोडताना भाडेकरू ते कुलूप पिशवीत टाकून घेऊन जाई आणि मालक रिकाम्या खोलीला आपले लावी. कुलूप ज्याचे, किल्ली त्याची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही भाडेकरूने जे स्वतः बसवले ते, जागा होती तशी करून देऊन, काढून नेण्याची मुभा आहे. मग दारातच बसवलेले लॅच आले. कुलूप दाराचा भाग झाले, दार घराचा भाग झाले, घर मालकाचे होते, म्हणून किल्लीही मालकाची झाली. हे कोणी ठरवले नाही, करारात लिहिले नाही. सुताराने दारात एक भोक पाडले, एवढेच.

कायदा काय म्हणतो ते पाहावे म्हणून शाळेच्या ग्रंथालयापासून वकील मित्राच्या कपाटापर्यंत हात घातला. त्याच १८८२ च्या कायद्यात भाडेकरूला विनाअडथळा ताबा उपभोगू देण्याची हमी मालकावर आहे, तशीच वाजवी वेळी मालकाला आत येऊन जागेची स्थिती पाहू देण्याची जबाबदारी भाडेकरूवर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २८ नेही मालकाला जागा पाहण्याचा हक्क दिला, पण आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळी. केंद्राने २०२१ मध्ये नमुना भाडेकरार कायदा आणला. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण विचार कोणत्या दिशेने चालला आहे ते त्यात दिसते. किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी, कारण, दिवस आणि वेळ कळवावी, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर जाऊ नये. आग, पूर अशी आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. याच कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची कामे वाटून दिली आहेत. भिंतींची सफेदी मालकाकडे. नळाचे वॉशर, विजेची बटणे, आणि त्यांच्याच रांगेत दारे-कपाटे-खिडक्यांच्या मुठी आणि कुलपे बदलणे हे भाडेकरूकडे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ताई परवानगी मागायला जिना उतरून आल्या, ती त्या परिशिष्टाच्या दृष्टीने नळाच्या वॉशरइतकीच मामुली होती. मात्र बदललेल्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे राहावी, याबद्दल परिशिष्ट गप्प आहे. आमचे सगळे भांडण तर तिथेच होते.

वकील मित्राने एक मुद्दा काढला. "तुमचा करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा. ते भाडे नव्हेच. ती नुसती परवानगी. ताबा कायद्याने तुमचाच." ऐकून आम्हाला क्षणभर बरे वाटले, हे लपवत नाही. पण त्यानेच पुढे १९५९ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दाखवला. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात आर. एन. कपूर नावाचे गृहस्थ केशकर्तनाचा व्यवसाय करत. कागदावर 'लायसन्स' लिहिले होते. न्यायालयाने बहुमताने म्हटले की कागदाचे नाव पाहू नका, जागेचा एकट्याचा ताबा प्रत्यक्षात कोणाकडे आहे ते पाहा. आणि ते भाडेच ठरवले. दुसरे प्रकरण लंडनचे, १९८९ चे, अस्लन विरुद्ध मर्फी. तळघरातली जेमतेम सव्वाचार फूट रुंदीची खोली. करारात लिहिले होते की भाडेकरूने रोज सकाळी साडेदहा ते बारा खोली वापरायची नाही, आणि किल्ल्या मालक स्वतःकडे ठेवणार. न्यायालयाने त्या अटी दिखाऊ ठरवल्या आणि किल्लीबद्दल एक मार्मिक विचार मांडला. किल्ली मालकाकडे असल्याने काही सिद्ध होत नाही. ती त्याच्याकडे कशासाठी आहे, हे विचारायला हवे. आग लागली, नळ फुटला तर जाता यावे म्हणून आहे? रोज खोली झाडून अंथरूण घालून द्यायचे असते म्हणून आहे? की उगीच आहे?

हा प्रश्न घेऊन आम्ही खिळ्यासमोर उभे राहिलो. आमची किल्ली कशासाठी होती? आगीसाठी, असे आम्ही म्हणू शकत होतो, आणि ते खोटे नव्हते. पण पाच वर्षांत आग एकदाही लागली नाही आणि किल्ली रोज डोळ्यांना दिसत होती. तिच्याकडे पाहून बरे वाटायचे. वरच्या दोन खोल्या अजून आपल्याच आहेत असे वाटायचे. ते बरे वाटणे आम्ही भाड्याबरोबर वसूल करत होतो आणि पावतीवर लिहीत नव्हतो.

आता मालकाची बाजू. ती खोटी नाही. कुलूप बदलून भाडे थकवणारे आणि एका रात्री निघून जाणारे भाडेकरू आम्ही पाहिले आहेत. गावातल्या एका विधवा बाईंची खोली सात महिने दुसऱ्याच्या कुलपाखाली बंद पडून होती. तिचे घर त्या भाड्यावर चालायचे. कायद्याने ते कुलूप तोडायची सोय नाही. भाडेकरूला बेकायदा बाहेर काढले तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्यात मालकी कोणाची हे पाहिलेच जात नाही. शिवाय गॅसचा वास आला, वरून पाणी झिरपू लागले, आत कोणी आजारी पडले, तर दार फोडायचे का? तेव्हा 'किल्ली मागू नका' एवढे सांगून मालकाला वाऱ्यावर सोडणे हाही न्याय नव्हे.

किल्ली जवळ असूनही आपली नसते, याचा आमच्या इतिहासातला दाखला प्रसिद्ध आहे. इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकली गेली त्या दिवशी काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडून घेण्यात आली. सत्ता हातात आलेली, मागणारे पुष्कळ. परंपरा सांगते की पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी ती त्यांनाच परत दिली, आणि त्यांच्या बनू शैबा घराण्याकडे तिची राखण आजही आहे. जेरुसलेममधल्या ख्रिस्ती लोकांच्या पवित्र चर्चची किल्लीही पिढ्यान्‌पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे असते आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. ज्याच्याकडे किल्ली तो मालक नाही, आणि त्याला मनाला येईल तेव्हा ती वापरताही येत नाही.

आम्हाला वाट सापडली ती मात्र शाळेत. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटात येतात. पाकीट केंद्रावर असते, केंद्रप्रमुखाच्या ताब्यात असते, पण ते फोडताना साक्षीदारांच्या सह्या लागतात. पाकीट आपल्या कपाटात आहे म्हणून आदल्या रात्री उघडून पाहिले, असे कोणी म्हणत नाही. म्हणाला तर नोकरी जाईल.

बाराव्या दिवशी आम्ही ताईंना निरोप दिला. कुलूप बदला. खर्चाबद्दल थोडी ओढाताण झाली. त्या म्हणाल्या मी देते. आम्ही म्हटले, चार भाडेकरू बदलले तेव्हा प्रत्येक वेळी कुलूप बदलणे आमचे काम होते, ते आम्ही केले नाही, तेव्हा या खेपेचा खर्च आमचा. पुढे तुम्हाला हौसेने बदलायचे तर तुमचा. राहुरीहून चावीवाला आला. त्याने सगळे लॅच न काढता आतले पितळी सिलिंडर तेवढे बदलले. अर्ध्या तासाचे काम. नव्या सिलिंडरच्या तीन किल्ल्या निघाल्या. एक ताईंकडे, एक मुलीकडे. तिसरी ताईंनी पाकिटात घातली, पाकीट चिकटवले, आणि जोडावर आडवी सही केली. शेजारी अम्मींनी आपली सही केली, उर्दूत. ते पाकीट अम्मींच्या कपाटात कुराणशरीफच्या खालच्या खणात ठेवले. जुनी किल्ली अब्बांनी स्वतः खिळ्यावरून काढली आणि भंगारच्या डब्यात टाकली. बोलले काहीच नाहीत. खिळा अजून आहे.

सप्टेंबरात परतीचा पाऊस आला. रात्रीची वेळ. ताई रात्रपाळीला, मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला. वरची खिडकी पुन्हा उघडी. आम्ही अंगणात छत्री धरून उभे होतो आणि वरच्या खोलीत पाणी शिरताना दिसत होते. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. वॉर्डात असतील. अब्बा म्हणाले, "पाकीट फोड." अम्मींनी कपाट उघडले, पाकीट हातात घेतले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, राहू दे. आग नाही, गॅस नाही. गादी आहे. भिजेल.

गादी भिजली. मुलीच्या वह्याही भिजल्या, हे सकाळी कळले. शिक्षकाला ते जास्त लागले.

ताई आल्या, वर गेल्या, थोड्या वेळाने खाली आल्या. आम्ही ओट्यावर अपराध्यासारखे बसलो होतो. त्या म्हणाल्या, "सर, एवढं पाणी आलं. पाकीट फोडायचं ना."

आम्हाला काय बोलावे सुचेना. अम्मी आतून पाकीट घेऊन आल्या आणि ते बंदच्या बंद ताईंच्या हातात दिले. ताईंनी ते उलटसुलट पाहिले. मग आमच्या खिशातला लाल पेन मागून घेतला आणि सहीच्या खाली लिहिले, 'आग, गॅस, पाऊस. आधी फोन दोनदा.' जरा थांबून 'पाऊस'पुढे कंसात आणखी दोन शब्द घातले, 'अम्मींनी जावे.'